दुसऱ्या ओळीतला तिसरा

गल्लीत त्यांना सगळे फुलवाल्या काकू म्हणत. नवे भाडेकरू आले की त्यांना वाटे, या फुलं विकत असतील. एकदोघांनी तर दारावर येऊन गुच्छाची चौकशीही केली होती. मग शेजारचं कुणीतरी समजावून सांगे, की काकू फुलं विकत नाहीत, काढतात. बियाण्यांच्या दुकानात भिंतीवर जी पाकिटं टांगलेली असतात, त्यांच्यावरच्या पॅन्झी, लार्क्स्पर, डेझी, सगळ्या काकूंच्या हातच्या. एकतीस वर्षं त्या हेच करत होत्या.

कंपनी छोटी होती. गावाबाहेर तिची बाग, बागेला लागून पाकिटं भरण्याची खोली, आणि दर वर्षी वसंतातल्या फुलांचं एक कॅटलॉग. थोरल्या मालकांनी काकूंना पहिल्यांदा काम दिलं तेव्हा एवढंच बजावलं होतं, की फूल खऱ्याएवढं मोठं हवं आणि उमलल्याच्या पहिल्या दिवसाचं हवं. फोटोला ते राजी नव्हते. फोटोत पान पुढे आलं तर त्याला बाजूला हो म्हणून सांगता येत नाही, असं ते म्हणत. पुढे थोरले मालक गेले, धाकटे आले. धाकट्यांनी मोबाइलवर दोनशे फोटो काढून पाहिले. पण दुकानदार म्हणाले, आमची गिऱ्हाइकं चित्र ओळखून पाकीट मागतात. तेव्हा ते निमूटपणे काकूंकडे परत आले.

काकूंची पद्धत ठरलेली होती. कंपनीचे माळीबुवा सकाळी सातच्या आत ओल्या फडक्यात गुंडाळून फूल आणत. ते औषधाच्या जुन्या बाटलीत, खिडकीशी उभं राही. पहिला दिवस पेन्सिलीचा, दुसरा रंगांचा. आधी फिकट, मग गडद. उजेड जिथे पडलेला असेल तिथे कागद कोराच सोडायचा, कारण पांढरा रंग काकूंच्या डब्यात नव्हताच. चुकलं तर पुसायची सोय नाही. पाण्याचा रंग म्हणजे तोंडातून गेलेला शब्द, असं त्या शिकायला येणाऱ्या मुलींना सांगत. मुली यायच्या थांबल्या, वाक्य राहिलं. काम संपलं की ब्रश धुवायचे, बोटांनी टोक काढायचं आणि टॉवेलवर आडवे ठेवायचे. पेल्यात उभा राहिलेला ब्रश त्यांना बघवत नसे. तान्हं मूल रडत ठेवून दारात गप्पा मारणारी बाई आणि पाण्यात ब्रश उभा ठेवून उठून जाणारा माणूस, दोघं त्यांच्या लेखी सारखेच.

आता काकू अडुसष्ट वर्षांच्या होत्या. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. घरात दोघीच, काकू आणि त्यांची नणंद. वन्सं लग्नाच्या भानगडीत कधी पडल्या नाहीत. शिवणाच्या सामानाच्या दुकानात दोऱ्यांच्या काउंटरवर पस्तीस वर्षं उभ्या राहिल्या. गिऱ्हाइकाने कापडाचा तुकडा पुढे केला की मागे वळून त्या रंगाचं रीळ काढून देत, दोनदा शोधावं लागत नसे. रंगांना त्या नावाने ओळखतच नसत, नंबराने ओळखत. शेजारणीने हौसेने नवा स्वेटर दाखवला, तर "दोनशे सोळा, पण धुतल्यावर दोनशे चौदा होईल," असं सांगून तिचं तोंड उतरवत. दोन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण पाय पुन्हा वजन पेलेना. तेव्हापासून त्या पुढच्या खोलीतल्या पलंगावर होत्या. काकूंचं टेबलही त्याच खोलीत, कारण उजेड तिथेच होता.

दिवस साडेपाचला सुरू होई. वन्संना बसवायचं, पुसायचं, चादर बदलायची, खुर्चीत घ्यायचं, परत पलंगावर. दिवसातून सहा वेळा उचलणं. काकूंनी कधी तक्रार केली नाही, पण मोजलं जरूर होतं. चित्रं मधल्या फटींत. रात्रभर झोपून उठलं तरी वाटे, की कालचंच अंग परत चढवलंय, धुवायचं राहिलेलं.

आणि डोळे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सगळं जग चहाच्या गाळातून बघितल्यासारखं झालं होतं. पिवळं आणि पांढरं एक, निळं, जांभळं आणि काळं एक. डॉक्टर म्हणाले, साधं काम आहे, फक्त नंतर महिनाभर वाकायचं नाही आणि वजन उचलायचं नाही. काकू "कळवते" म्हणून उठल्या आणि त्यांनी कळवलं नाही. घरी येऊन सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय.

मग चित्रं कशी होत होती? तर डब्याच्या भरवशावर. काकूंच्या पत्र्याच्या डब्यात रंगांच्या अठरा वड्या होत्या, सहा-सहाच्या तीन ओळी. पहिल्या ओळीत पिवळ्यापासून लालपर्यंत, दुसरीत निळे आणि जांभळे, तिसरीत हिरवे, तपकिरी. एकतीस वर्षांत एकही वडी जागची हलली नव्हती. संपली की नवी त्याच खाचेत. माणूस अंधारात आपल्या घरात फिरतो तसा काकूंचा ब्रश त्या डब्यात फिरे. किती पाणी आणि किती रंग हे मनगटाला ठाऊक होतं. फुलाचा रंग कोणता ते माळीबुवा आणतानाच सांगत, आणि पाकळीची घडी, शिरा, सावली एवढं भिंगातून अजून दिसत होतं. दोन वर्षांत छापखान्याने एकही चित्र परत पाठवलं नव्हतं. हे चालतंय तोवर चालू द्यावं, असं काकूंनी ठरवलं होतं. किंवा खरं म्हणजे काहीच ठरवलं नव्हतं. ठरवायलाही अंगात थोडी ताकद लागते.

यंदाची अकरा चित्रं झाली. बारावं राहिलं होतं ते माळीबुवांच्या आयरिसचं.

माळीबुवा मुलखाचे अबोल. पण या फुलाबद्दल ते गेली काही वर्षं दर वसंतात दोन-तीन वाक्यं बोलत आले होते. आयरिस निळी म्हणतात, पण तिच्यात कुठेतरी जांभळी झाक असतेच. त्यांनी नऊ वर्षं एका रोपाचे पराग दुसऱ्यावर घालून, हजारभर रोपं उपटून टाकून, ती झाक काढून टाकली होती. यंदा एका रोपाला एक दांडा आला, त्या दांड्याला एक फूल. निव्वळ निळं. धाकटे मालक आधी कुरकुरले, मग म्हणाले, चित्र चांगलं उतरलं तर मुखपृष्ठावर घेऊ. बुधवारी दुपारपर्यंत छापखान्यात पोचलं पाहिजे. माळीबुवांचं हे शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वसंतात ते कामावर नसणार होते.

सोमवारी सकाळी त्यांनी फूल आणलं, बाटलीत स्वतःच्या हाताने उभं केलं आणि नेहमीसारखे लगेच गेले नाहीत. दारात थांबून म्हणाले, "बाई, जांभळं नको हं. थेंबभरसुद्धा." काकू म्हणाल्या, माहीत आहे मला. ते म्हणाले, तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत आहे, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

त्या दिवशी काकूंनी पेन्सिलीचं काम केलं. मधे वन्संनी पाणी मागितलं, उशी सरकवायला सांगितली, खिडकी लावायला सांगितली, परत उघडायला सांगितली. चौथ्यांदा उठताना काकूंच्या तोंडून नुसता श्वास निघाला, शब्द नाही. पण वन्संना तो लागला. त्या म्हणाल्या, "फुलाला बरी बाटली मिळते खिडकीशी. त्याला कुणी सुस्कारे टाकत नाही." काकूंनी पेन्सिल पुन्हा उचलली. जेवणं झाल्यावर टेबलावरच डोकं टेकून त्यांना झोप लागली, तोंड उघडं टाकून, हातात पेन्सिल तशीच.

वन्सं बराच वेळ बघत राहिल्या. जीभ तिखट, पण मन कोडगं नव्हतं. काहीतरी करावं असं त्यांना फार वाटलं, आणि त्यांच्यापाशी चालणारे होते ते फक्त दोन हात. काठीने त्यांनी टेबलाच्या कडेचा रंगांचा डबा हळूहळू ओढून पलंगावर घेतला. झाकणात जुन्या रंगांची पुटं चढली होती, खाचांत चिखल. ओल्या फडक्याने त्यांनी झाकण लख्ख पुसलं. मग एकेक वडी काढून खाच पुसली, आणि वड्या परत बसवल्या. पिवळ्या, लाल, हिरव्या ओळखू येत होत्या. गडद मात्र सगळ्या कोरड्या, कोळशाच्या खड्यांसारख्या. पण वन्संना त्याचं काय, दोऱ्यांचं कपाट त्या दर शनिवारी असंच रिकामं करून लावत. फिकटाकडून गडदाकडे, जसं दिसेल तसं. डबा काठीने परत टेबलावर ढकलला आणि वहिनी जागी होऊन काय म्हणते याची वाट बघत पडून राहिल्या.

वहिनी काहीच म्हणाली नाही. तिला डबा लख्ख झाल्याचं दिसलंच नाही. वन्सं मनात म्हणाल्या, चांगलं करायला गेलं तर ही तऱ्हा. आणि हट्टाने गप्प बसल्या.

मंगळवारी काकू कामाला बसल्या. सकाळी सव्वानऊ ते साडेतीन, मधे तीनदा उठून. दुसऱ्या ओळीतला तिसरा, तो निळा. भरपूर पाणी, पहिला हात. तो वाळेपर्यंत वन्संना खुर्चीत घेतलं. मग दुसरा हात, पाकळ्यांच्या मुळाशी जास्त. खोल घडीत सावलीसाठी चौथ्याचा, म्हणजे जांभळ्याचा, एक थेंबसुद्धा घालायचा नव्हता. त्यासाठी पाचवा, काळसर निळा. पाकळीच्या मधोमध उजेडाची एक पट्टी त्यांनी कोरी राखली होती. भिंग लावून ती बघितली आणि त्यांना बरं वाटलं. कागद फळीला लावून त्यांनी वन्संच्या पलंगासमोर वाळत उभा केला आणि चहा टाकायला गेल्या.

वन्संनी चित्र बघितलं. मग खिडकीतलं फूल. मग परत चित्र. काकूंनी कप आणून दिला. वन्संनी दोन घोट घेतले, कप खाली ठेवला.

"वहिनी, माळीबुवांचं फूल जांभळं कधी झालं?"

काकू म्हणाल्या, "निळंच आहे ते."

"फूल निळंच आहे. मी कागदाचं बोलतेय."

काकू फळीपाशी गेल्या, चष्मा वर केला, खाली केला. कागद खिडकीशी नेला. कागदावरची पाकळी आणि फुलाची पाकळी शेजारी शेजारी धरली. त्यांना दोन्हीकडे तोच काळपट रंग दिसत होता.

"दुसऱ्या ओळीतला तिसरा घेतला मी," त्या म्हणाल्या.

"तिसरा म्हणजे? रंग बघून नाही घेतलास?"

काकूंनी कागद खाली ठेवला. तेवढ्यात वन्संचं लक्ष डब्याकडे गेलं. त्यांचा चेहरा उतरला. काल आपण डबा पुसला, वड्या काढल्या, परत लावल्या, तू झोपली होतीस, हे सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. आणि मग म्हणाल्या, पण बघणाऱ्याला कळलं असतं ना गं. एक थेंब पाण्यात सोडला की कळतं.

"हो," काकू म्हणाल्या, "बघणाऱ्याला कळलं असतं."

मग वन्संनी एकेक प्रश्न विचारला आणि काकूंनी एकेक उत्तर दिलं, टाचण्या काढून ठेवाव्यात तसं. दोन वर्षं. दोन्ही डोळे. हो, डॉक्टरकडे जाऊन आले. नाही, ऑपरेशनला भीत नाही.

"मग घोडं अडलं कुठे?"

"महिनाभर वजन उचलायचं नाही म्हणाले."

वन्संनी चादरीची सुरकुती हाताने सरळ केली. "म्हणजे मी."

"तुम्हाला वजन कोण म्हणतंय?"

"दवाखान्याच्या काट्यावर बेचाळीस किलो भरले होते. फुलाच्या मानाने जास्तच." हे म्हणताना त्या हसल्या नाहीत. मग खिडकीकडे बोट केलं. "ते फूल बघ, वाकायला लागलंय. आणखी एक कागद आहे का?"

काकू म्हणाल्या, आता नको. आता होणार नाही. उद्या मालकांना सांगते, की फोटो छापा. असं म्हणून त्या पलंगाच्या कडेवर बसल्या आणि गुडघ्यांवर हात ठेवून जमिनीकडे बघत राहिल्या. खरंच नको होतं त्यांना काही. एकतीस वर्षांनी कुणी म्हणालं असतं, की बाई, पुरे, तर त्यांनी तिथल्या तिथे ब्रश देऊन टाकले असते. पण तसं म्हणायला कुणी आलं नव्हतं. दारातले माळीबुवा मात्र डोळ्यांपुढे उभे होते.

"नऊ वर्षं त्या माणसाने रोपं उपटली," वन्सं म्हणाल्या. "तू दोन तास बसू शकत नाहीस? मी सांगते रंग. तोंड तर धड आहे माझं."

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. उजेड फार तर साडेसहापर्यंत. काकूंनी वन्संना खुर्चीत घेतलं आणि टेबल ओढून त्यांच्यापुढे लावलं. फुलाची बाटली दोघींच्या मधे. जाड कागद, त्यामुळे पहिल्या चित्रावरून रेघा उतरवता येईनात, आणि नव्याने पेन्सिल करायला वेळ नव्हता. त्या थेट ब्रशनेच बसल्या. असं त्यांनी तरुणपणीसुद्धा केलं नव्हतं. आधी अर्धा तास वन्संनी वड्या एकेक करून ओल्या बोटाने घासून रंग बघितला आणि आपापल्या जागी परत बसवल्या, काकूंना विचारून विचारून. मग सुरुवात झाली.

काकू झाकणात रंग कालवत आणि कागदाच्या तुकड्यावर एक पट्टी ओढून वन्संपुढे धरत. वन्सं पट्टी बघत, फूल बघत.

"हा चारशे बारा झाला. चारशे नऊ हवा."

"म्हणजे पाणी की रंग?"

"मला काय माहीत? मी रिळं विकायचे. फिकट कर."

फिकट केलं. चारशे दहा. अजून थोडं. हं, आता लाव. सावलीत चारशे पंधरा, पण धूळ बसलेला. धूळ म्हणजे? म्हणजे वर्षभर कपाटात वरच्या खणात राहिलेलं रीळ. काकूंनी त्यात तपकिरीचं टोक बुडवलं आणि वन्सं म्हणाल्या, अगदी तेच. मधे एकदा त्यांना खुर्चीतून पलंगावर घ्यायची वेळ झाली. त्या म्हणाल्या, राहू दे, बसते मी. पाय भरून आले तरी बसल्या. पाचच्या सुमाराला फुलाच्या एका पाकळीने मान टाकली. तिची कड आत दुमडली, कागद भिजून वाळल्यावर होतो तशी. पहिल्या दिवसाचं फूल काढायचं ही थोरल्या मालकांची अट काकूंना पाठ होती. पण पाठ होतं त्यावर आज एकदा त्यांनी चालून बघितलं होतं. त्यांनी दिसत होती तशीच पाकळी काढली, मान टाकलेली.

साडेसहाला वन्सं म्हणाल्या, बस. आता मलाही दिसेना. काकूंनी ब्रश धुतले, आडवे ठेवले, वन्संना पलंगावर घेतलं. जेवायचं दोघींनाही सुचलं नाही. दूध-पाव खाऊन निजल्या.

बुधवारी माळीबुवा आठलाच आले. काकूंनी दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले. एक लपवता आला असता, पण लपवण्याचाही त्यांना कंटाळा आला होता. सगळं सांगितलं. डोळ्यांचं, डब्याचं, दुसऱ्या चित्रातला रंग वन्संच्या डोळ्यांनी लावलाय तेही. माळीबुवांनी जांभळ्या चित्राकडे नीट बघितलं, म्हणाले, फार सुंदर आहे, माझं नाही. मग दुसरं उचलून दारातल्या उजेडात नेलं. तिथे ते पाठमोरे बराच वेळ उभे होते.

"हे दमलंय," ते म्हणाले.

"हो," काकू म्हणाल्या. "पाच वाजले होते. मालक नको म्हणतील कदाचित."

"म्हणतील." ते वळले. डोळे पुसले होते की नाही, ते काकूंना कळणं शक्य नव्हतं. "पण रंग त्याचाच आहे. कुठलीही आयरिस दुसऱ्या दिवशी अशीच दिसते, बाई. मी नऊ वसंत बघितलंय." कागद त्यांनी दोन पुठ्ठ्यांत घातला, दोरीने बांधला आणि फूल न घेताच गेले.

मुखपृष्ठावर ते आलं की नाही हे नंतर कळायचं होतं. काकूंना त्या क्षणी त्याचंही फारसं काही वाटत नव्हतं. त्या खुर्चीत टेकल्या. पलंगावरून वन्सं म्हणाल्या, तू मघाशी आत होतीस तेव्हा मी दवाखान्यात फोन केला. एकोणीस तारीख दिलीय, आधी उजवा डोळा. आणि हाड मोडलं तेव्हा मी जिथे होते त्या शुश्रूषागृहात माझी महिनाभराची जागा सांगून ठेवलीय.

"तिथलं जेवण तुम्हाला आवडलं नव्हतं," काकू म्हणाल्या.

"नव्हतंच. महिनाभर त्यांना ऐकवेन. त्यांनाही कळू दे तू काय सोसतेस ते."

वाद घालायला हवा होता. एकटीला कसं पाठवू, लोक काय म्हणतील, महिन्याचे दोन झाले तर, असं पुष्कळ बोलण्यासारखं होतं. काकूंनी तोंड उघडलंसुद्धा. पण सकाळी दुसऱ्या चित्रातल्या दांड्यावर शेवटचा हात मारावा म्हणून भिजवलेला ब्रश माळीबुवा आले तेव्हापासून पेल्यात तसाच उभा होता, तो धुवायचा होता, आधी तो धुवावा आणि मग बोलावं, असं म्हणता म्हणता त्यांची मान खुर्चीच्या पाठीवर कलली.

वन्संनी काठीने टेबल जवळ ओढलं. पेल्यातला ब्रश काढला, पाण्यात हलवला, पाणी स्वच्छ येईना म्हणून आणखी हलवला. टोक बोटांनी काढायचं असतं हे त्यांनी दोन वर्षं बघितलं होतं. ते काही नीट जमलं नाही, दोन केस बाहेरच राहिले. ब्रश त्यांनी टॉवेलवर आडवा ठेवला. डब्याला मात्र हात लावला नाही.